सारांशात नसलेलं वाक्य

प्राध्यापक फार वाचतात, असा लोकांचा एक गोड गैरसमज आहे. मी स्वतः जन्मभर युनिव्हर्सिटीत अर्थशास्त्र शिकवलं, तेव्हा या बाबतीत मला कोणी शिकवायला येऊ नये. कसं वाचतात ते मी सांगते. आधी शोधनिबंधाचं नाव वाचायचं. मग सारांश, म्हणजे डोक्यावर बारीक टायपात छापलेला तो एक परिच्छेद. तिथून उडी थेट शेवटच्या पानावर, संदर्भांच्या यादीत. कशाला? तर आपलं नाव आहे का ते बघायला. असलं तर निबंध उत्तम, नसलं तर लिहिणाऱ्याचा अभ्यास कच्चा. आणि मधली पानं? मधली पानं देव वाचतो.

माझी थोरली बहीण तेवढी मधली पानं वाचायची. ताई कीटकशास्त्राच्या विभागात होती आणि सगळं आयुष्य तिनं मधमाश्यांच्या पायी घालवलं. लग्न केलं नाही. मी केलं, नवरा गेला, मुलगा परदेशी गेला, आणि मी माझं बिऱ्हाड उचलून ताईकडे राहायला आले. दोन म्हाताऱ्या, दोन चष्मे आणि एक टीपॉय, ज्याच्यावर कायम तिचेच कागद. मला चहाचा कप ठेवायला जागा नाही. ओरडले की म्हणायची, "वकिलीणबाई, कप मांडीवर ठेवा, मांडी तुमचीच आहे." मी वाद घालते म्हणून लहानपणापासून घरात मला वकिलीण म्हणत. शिकले अर्थशास्त्र, पण नाव तेच चिकटलं.

ताईचं नाव झालं ते एका शोधनिबंधामुळे, आणि तिच्या जिवाला घोर लागला तोही त्याच्यामुळेच. ती तेव्हा नुकती नोकरीला लागली होती. फळबागांवर कीड मारायला एक औषध फवारायचे. सकाळी फवारलं की मधमाश्या पटापट मरायच्या, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. बागवाल्यांचं म्हणणं असं, की संध्याकाळी माश्या घरी परतल्यावर फवारलं तर काय बिघडतं? ताईनं ते तपासून बघायचं ठरवलं. बागेच्या कडेला माश्यांच्या पेट्या मांडल्या आणि बहर संपेपर्यंत उन्हातान्हात मोजत बसली. हात सुजायचे, चेहरा सुजायचा, आई म्हणायची, या अवताराला कोण पसंत करणार! फवारणीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी बघावं तर माश्या जिवंत, धडधाकट, कामाला निघालेल्या. हा झाला तिचा पहिला तक्ता. पण बहर सरता सरता पेट्या रिकाम्या व्हायला लागल्या. माश्या बाहेर जायच्या आणि त्यांना परतीची वाट सापडायची नाही. हा तिसरा तक्ता. म्हणजे संध्याकाळची फवारणीही नको. उलट तीच जास्त वाईट, कारण पेटीपाशी मेलेली माशी दिसतच नाही, त्यामुळे बागवाला निर्धास्त.

ताईनं सारांशात दोन्ही वाक्यं लिहिली होती. छापताना संपादकानं शब्दमर्यादेत बसवायला दुसरं वाक्य कापलं आणि तिला विचारलंसुद्धा नाही. राहिलं काय? 'संध्याकाळच्या फवारणीनंतर दुसऱ्या दिवशी मधमाश्यांत मृत्यू आढळले नाहीत.' यात एक अक्षर खोटं नाही, हीच तर गंमत. छापील अंक हातात पडल्यावर ताई हादरली. तिनं संपादकांना कळवलं, तर उत्तर आलं की संपूर्ण माहिती आत दिलेलीच आहे, वाचक वाचतील.

वाचक वाचतील! डोंबल वाचतील.

पुढे एका बड्या प्राध्यापकानं या विषयावरच्या सगळ्या संशोधनाचा आढावा लिहिला. त्यात ताईचं नाव देऊन एक ओळ होती: संध्याकाळची फवारणी मधमाश्यांना सुरक्षित असल्याचं सिद्ध झालं आहे. गृहस्थ सारांशाच्या खाली उतरलेच नव्हते. आम्ही दोघींनी त्यांचं नाव सारांशराव ठेवलं. मग पुढच्यांनी सारांशरावांचा आढावा वाचून ताईचं नाव उचललं, त्यांच्या पुढच्यांनी त्यांच्याकडून उचललं, आणि एकानं ओढलेली री सगळे ओढत बसले. मूळ निबंध लायब्ररीच्या तळघरात धूळ खात पडला आणि ताईचं नाव देशोदेशी गेलं. प्रयोग पुन्हा करावा म्हणून तिनं अनुदान मागितलं, तर समितीनं नाकारलं. का, तर हे आधीच सिद्ध झालेलं आहे. पुरावा म्हणून खाली संदर्भ दिला होता, तो ताईचाच. हसावं की रडावं? त्या औषधाच्या माहितीपत्रकावरही एकदा तिचं नाव आलं, सुरक्षिततेची साक्षीदार म्हणून. त्या दिवशी ताई जेवली नाही. म्हणाली, "माझ्या नावानं मारतायत गं."

तिनं खुलासे लिहिले नाहीत असं नाही. एक छापून आला, मागच्या पानाच्या कोपऱ्यात. तो कोण बघतो? खुलाशाला सारांश नसतो.

मग आमचा एक खेळच झाला. नवीन अंक आला की ताई आधी शेवटची यादी उघडायची, आपलं नाव शोधायची, मग ते आत कुठे आलंय ती ओळ काढायची आणि मला हाक मारायची, "वकिलीण, आलं बघ आणखी एक मेंढरू!" मी हातातलं काम टाकून जायची. आम्ही त्या मेंढरांना नावं ठेवायचो, त्यांच्या पदव्यांची टवाळी करायचो, पोट धरून हसायचो. पण हसणं ओसरलं की ताई खिडकीपाशी जाऊन उभी राहायची. मी अंक मिटून ठेवायची. बोलून काय होणार होतं?

अशी वर्षं गेली. ताई निवृत्त झाली, तिच्या मागून मी झाले. आणि एक दिवस तिच्या जुन्या विभागाचा प्रमुख घरी आला. चाळिशीचा, हसरा, पायांतले बूट दाराबाहेर काढून आत येणारा. ताईच्या विद्यार्थ्याचा विद्यार्थी, म्हणजे नात्यानं नातूच म्हणायचा. विभागातर्फे मोठा परिसंवाद आहे, तुमचा सत्कार आहे, म्हणाला. तुम्ही भाषण करा, आम्ही ते ध्वनिमुद्रित करू, छापू, सगळीकडे पाठवू. सोबत तुमचा जुना निबंधही नव्यानं छापू.

"पूर्ण?" ताईनं विचारलं. "कापाकापी न करता?"

"बाई, तुमचं अक्षरही कापणार नाही."

तो गेला, आणि ताई टीपॉयवरच्या कागदांवर डोकं टेकून रडली. इतकी वर्षं मी तिला रडताना बघितलं नव्हतं. मग डोळे पुसून म्हणाली, "एकदा, फक्त एकदा माझ्या तोंडानं सांगते. मग खुशाल मरेन."

मरणाची भीती नव्हती तिला. भीती दुसरीच होती, आणि ती आम्हा दोघींनाच माहीत होती. ताईचं विसरणं सुरू झालं होतं. आधी चष्मा, किल्ल्या, दुधाचं पातेलं. ते काय, सगळ्यांचंच होतं. मग बँकेतून परत येताना ती आमच्याच गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली आणि दुकानदारानं तिला घरी आणून सोडलं. डॉक्टर म्हणाले, हे वाढत जाणार, किती वेगानं ते सांगता येत नाही. ताईनं ते एखाद्या तक्त्यासारखं शांतपणे ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर माझा दंड धरून म्हणाली, "वकिलीण, भाषण लवकर लिहून घे. मी आहे तोवर."

आम्ही कामाला लागलो. ती सांगायची, मी लिहायची, ठळक मोठ्या अक्षरात, म्हणजे व्यासपीठावर तिला अडायला नको. काय सुरेख सांगायची! पेट्यांच्या रांगा, बहराचा वास, रिकाम्या पेटीत हात घातल्यावरचा तो गारवा. सारांशरावांची तिनं अशी काही सभ्य चंपी केली होती की मला लिहिताना गुदगुल्या होत होत्या. भाषण पूर्ण झालं. मी म्हटलं, जिंकलो.

कुठलं जिंकतोय. ताईचा एक नियम होता, विद्यार्थ्यांच्या पिढ्यान् पिढ्यांना तिनं तो घोकवला होता: आठवणीवर विसंबून लिहू नये, आधी बघून घ्यावं. नियम सोन्यासारखा आहे, माझं काही म्हणणं नाही. पण जसजशी तिची आठवण फसवायला लागली, तसतशी ती त्या नियमाला जास्तच घट्ट धरून बसली. स्वतःवर विश्वास राहिला नाही म्हटल्यावर करणार काय बिचारी? रोज सकाळी कॉम्प्युटर उघडायची, युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत शिरायची, मधमाश्या आणि संध्याकाळची फवारणी असे शब्द घालायची आणि समोर येईल ते वाचायची. येणार काय? मेंढरं! कळपच्या कळप. आणि लांब मजकूर तिला आता झेपायचा नाही, दुसऱ्या पानावर जाईपर्यंत पहिलं पुसलेलं असायचं. मग ती वरचे परिच्छेद तेवढे वाचायची.

एका दुपारी तिनं हाक मारली. मी जुन्या सवयीनं हसतच गेले.

"हे बघ," ती म्हणाली, "संध्याकाळची फवारणी सुरक्षित आहे म्हणे."

"हो तर! सारांशराव की जय."

"कोण सारांशराव?"

मला वाटलं, थट्टा करतेय. तिच्या तोंडाकडे बघितलं, तर थट्टा नव्हती. मी कपाटातून तिच्या निबंधाची प्रत काढली, तिसरा तक्ता उघडला, बोट ठेवून एकेक ओळ वाचून दाखवली. तिला पटलं. कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं बाई, असं कसं झालं माझं!" दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पुन्हा तक्ता, पुन्हा कपाळावर हात. तिसऱ्या की चौथ्या खेपेला तिनं कपाळाला हात लावला नाही. तक्ता बाजूला सारून म्हणाली, "हा एक जुना निबंध एकीकडे, आणि एवढे सगळे एकीकडे. तूच सांग, मी कुणाचं धरू?"

"ताई, ते सगळे तुझंच नाव घेतात! तुझ्याच निबंधाचा दाखला देतात!"

"माझंच सांगतायत ना? मग झालं तर. मी तसंच म्हटलं असणार."

आता यावर काय बोलाल? चिडून मी कॉम्प्युटरची वायर काढून लपवून ठेवली, तर ती खुर्चीत बसून लहान मुलीसारखी विचारायला लागली, "माझं वाचन का बंद केलं?" सारखी तेच विचारायची. माझ्यानं ते बघवेना. वायर परत जोडली.

शेवटी मी विभागप्रमुखाला फोन केला. सगळं सांगितलं. म्हटलं, बाईंचा निबंध तुम्ही नीट वाचलाय ना? तो म्हणाला, "हो हो मॅडम, म्हणजे चाळलाय." अगदी आदरानं म्हणाला. मी तिसऱ्या तक्त्याचं सांगितलं. तो म्हणाला, "हा मुद्दा बाईंच्या भाषणात येईलच ना? त्यांच्या तोंडून आलेलाच बरा. त्यांच्या कामाबद्दल त्यांच्यापेक्षा मोठा अधिकार कोणाचा?" बोलणं शहाण्यासारखंच होतं. मी फोन ठेवला.

परिसंवादाच्या दिवशी सकाळी मात्र ताई लख्ख होती. स्वतः केस विंचरले, ठेवणीतली साडी नेसली, नाश्ता करता करता भाषण पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. आवाज खणखणीत. सारांशरावांच्या जागी आली तेव्हा डोळे मिचकावले. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. रिक्षात मी तिचा हात धरून बसले होते. म्हटलं, आज होतंय. आज एकदाचं होऊन जातंय.

सभागृह भरलं होतं. सगळे त्याच विषयातले, आणि बहुतेकांनी कधी ना कधी ताईचं नाव आपल्या यादीत घातलेलं. हार झाला, कौतुक झालं. विभागप्रमुख बोलताना म्हणाला, बाईंचा निबंध माहीत नाही असा माणूस या क्षेत्रात सापडणार नाही. मी दुसऱ्या रांगेत दात आवळून बसले होते. मग ताई उठली. सावकाश माइकपाशी गेली, माझ्या अक्षरातले कागद समोर ठेवले, चष्मा लावला, पहिलं पान वाचलं. मनातल्या मनात. मग चष्मा काढला.

"माझ्यासमोर एक लिहिलेलं भाषण आहे," ती म्हणाली. "अक्षर ओळखीचं वाटतं. यात लिहिलंय की संध्याकाळची फवारणी घातक आहे आणि माझं म्हणणं तुम्ही सगळ्यांनी उलटं वाचलंत. आता बोलण्याआधी बघून घ्यायची मला सवय आहे. मी बघितलं. इतक्या जणांनी, इतक्या देशांत, एकच सांगितलंय. त्या सगळ्यांना चूक ठरवायचं आणि मी एकटी बरोबर म्हणायचं, हा अहंकार झाला. म्हातारपणी तो शोभत नाही. संध्याकाळची फवारणी सुरक्षित आहे. माझं याहून काही वेगळं म्हणणं कधी असलंच, तर ते मी आज मागे घेते."

मग टाळ्या. आधी मागून, मग सगळीकडून. लोक उभे राहिले. केवढा मोठेपणा, केवढी नम्रता! विभागप्रमुख रुमालानं डोळे टिपत होता. जन्मभर जे बोलायचं होतं ते बोलायला ताई उभी राहिली आणि तिनंच ते पुसून टाकलं, आणि हे लोक टाळ्या वाजवत होते. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

"हे खोटं आहे!" मी ओरडले.

टाळ्या थांबल्या. माना वळल्या. ताईनं वरून माझ्याकडे बघितलं. दिवे तिच्या डोळ्यांवर नव्हते, मी काही लांब नव्हते. नीट बघितलं तिनं.

"आपण कुठल्या विभागाच्या?" तिनं विचारलं.

आपण. मला. जिनं मला चालायला शिकवलं, माझ्या वेण्या घातल्या, ती मला आपण म्हणाली. मला रडू फुटत होतं आणि सगळे माझ्या उत्तराची वाट बघत होते.

"अर्थशास्त्र," मी म्हणाले.

"मग हे कशावरून म्हणता?" आवाजात राग नव्हता. नव्या विद्यार्थ्याला विचारावं तितक्या मायेनं विचारलं तिनं.

"तुमच्याच निबंधावरून," मी म्हणाले. "तिसऱ्या तक्त्यावरून. बहराच्या शेवटी पेट्या रिकाम्या झाल्या होत्या. तुम्ही स्वतः हात घालून बघितलं होतं."

ताई विचारात पडली. कपाळाला ती जुनी आठी पडली. मी मनात म्हणत होते, ये ताई, ये गं, एवढी एकदाच ये.

"तो निबंध मी कालच बघितला," ती शेवटी म्हणाली. "सारांशात तसं काही नाही."

मग तिनं हातानं मला बसायची खूण केली आणि सभागृहाला विचारलं, आणखी कुणाला काही विचारायचंय का.